गावोगाव धार लावण्याचे बाक हवे

शेतीच्या सुधारणेचा विषय निघाला म्हणजे चर्चा साहजिकच मोठ्या यंत्रांकडे वळते. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र यांची नावे सभांतून घेतली जातात, त्यांसाठी अर्ज भरले जातात आणि गावात एखादे नवे यंत्र आले म्हणजे सारे गाव ते पाहावयास जमते. या यंत्रांची उपयुक्तता कोणीही नाकारणार नाही. परंतु महाराष्ट्रातील शेतात आजही खुरपे, विळा, कोयता, कुदळ आणि कुऱ्हाड ही साधी अवजारे दिवसचे दिवस माणसांच्या हातात असतात. या अवजारांचे सारे सामर्थ्य केसाएवढ्या बारीक धारेत असते. ती धार गेली की अवजार उरते, पण त्याचे काम माणसाच्या मनगटावर आणि कमरेवर येऊन पडते. असे असता गेलेली धार परत आणण्याची नीट सोय किती गावांत आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रत्येक गावात धार लावण्याचे एक भक्कम लाकडी बाक असावे, ते गावातील लोहाराच्या देखरेखीखाली असावे, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या यंत्रांच्या प्रचाराइतकेच महत्त्व या कामास द्यावे, असे सुचविणे प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. ते क्षुल्लक नाही, हे थोड्या विचारान्ती कोणासही पटण्यासारखे आहे.

बोथट धारेची किंमत कोण देतो?

खुरपणीचे उदाहरण घ्यावे. उकिडवे बसून, पुढे सरकत सरकत, दिवसभर तण काढण्याचे हे काम बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला आलेले आहे. खुरप्यास धार असली म्हणजे ते मातीत अलगद शिरते आणि तण मुळाशी कापले जाते. धार नसली म्हणजे एका ठिकाणी दोनदा, तीनदा हात मारावा लागतो. तण मुळासह निघण्याऐवजी वरच्यावर तुटते आणि पुढच्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. म्हणजे कष्ट अधिक पडून काम मात्र कच्चे होते.

याचा साधा हिशोब करून पाहावा. समजा दहा बाया खुरपणीस आहेत आणि बोथट खुरप्यामुळे प्रत्येकीचा दिवसातून अर्धा तास वाया जातो. म्हणजे दररोज पाच तास गेले. बारा दिवसांच्या खुरपणीत हे साठ तास झाले. आठ तासांचा दिवस धरला, तर साडेसात दिवसांची मजुरी मातीत गेली. मजुरी रोजाने असेल, तर हे नुकसान शेतकऱ्याचे. काम उक्ते दिलेले असेल, तर तेच नुकसान त्या बायांना आपल्या शरीराने भरून द्यावे लागते. ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही, एवढाच काय तो फरक.

ऊसतोडणीची गोष्टही अशीच आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात तोडणीस जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ असेच म्हणतात. अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात, इतके ते अवजार महत्त्वाचे. या जोडीची मजुरी टनावर ठरते. कोयत्याची धार चांगली असेल, तर ऊस जमिनीलगत एका घावात तुटतो. धार गेलेली असेल, तर कामगार नकळत घाव वर घेतो, कारण बुडख्याकडील भाग कठीण असतो. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते. तोच भाग शेतात राहिला म्हणजे तोडणाऱ्याचे वजन गेले, शेतकऱ्याचे टन गेले आणि कारखान्याची साखर गेली. शिवाय चिरफाळलेला, उंच राहिलेला बुडखा खोडव्यास चांगला नसतो. एका बोथट कोयत्यात तिघांचे नुकसान आहे.

भाताच्या कापणीत बोथट विळ्याने हिसके बसतात व पक्व लोंबीतील दाणे शेतातच गळतात. कोकणात आंब्याचे व काजूचे कलम बांधणाऱ्यास चाकूची धार म्हणजे काय हे सांगावयास नको. काप स्वच्छ, एका ओढीत झालेला नसेल, तर खुंट आणि काडी यांचा सांधा जुळत नाही आणि कलम मरते. कडबाकुट्टीचे पाते बोथट झाले की कडबा कापला न जाता चेंगरला जातो आणि यंत्र ओढते. याखेरीज एक गोष्ट अनुभवी माणसे नेहमी सांगतात. धारदार अवजारापेक्षा बोथट अवजारानेच अधिक जखमा होतात. बोथट अवजारास जोर अधिक लावावा लागतो, आणि जोर लावलेले अवजार निसटले म्हणजे ते कोठे जाऊन लागेल याचा नेम नसतो.

पूर्वीची व्यवस्था आणि आजची गैरसोय

पूर्वी गावगाड्यात ही सोय होती. लोहार आणि सुतार हे बारा बलुतेदारांपैकी होते. वर्षभर शेतकऱ्याची अवजारे नीट ठेवावयाची आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा न्यावयाचा, असा तो व्यवहार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे गुणदोष सविस्तर आले आहेत. त्या व्यवस्थेत जन्मावर धंदा ठरत असे आणि कारागिराचा मान व मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असे. ती परत यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ती गेली तेव्हा तिच्याबरोबर अवजारांची नियमित निगाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी व्यवस्था कोणी उभी केली नाही.

कारखान्यांत तयार झालेली लोखंडी अवजारे आली. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला आणि लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतात रुळला. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि लोहाराकडे येणारे फाळ व कुळवाच्या पासाही कमी झाल्या. कित्येक गावांत लोहाराचा भाता थंड झाला. त्याच्या मुलांनी वेल्डिंगचे दुकान घातले किंवा शहराची वाट धरली. बैलाचा नांगर गेला, पण बायांच्या हातातील खुरपे मात्र गेले नाही.

आज त्या खुरप्यास धार लावावयाची कोठे? काही जण ओढ्याकाठच्या दगडावर ते घासतात. दगड चांगला असला आणि हात तयार असला तर त्यानेही काम होते. पण बहुधा दगड हलतो, कोन बदलतो आणि धार येण्याऐवजी ती गोल होते. सायकलवर चाक बसवून फिरणारा धारवाला गावात आला तर आला, त्याचा भरवसा नाही. मग शेतकरी वेल्डिंगच्या दुकानात जातो. तेथे हातातील विजेचे ग्राइंडर असते. त्याचे लहान चाक मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. ठिणग्यांचा वर्षाव होतो, क्षणात धार चकाकते आणि शेतकरी समाधानाने घरी जातो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विळा पुन्हा बोथट झालेला असतो.

असे का होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. लोहार पोलाद तापवून पाण्यात विझवितो व पुन्हा बेताने ऊब देतो. यालाच पाणी देणे म्हणतात. त्यामुळे धारेत कठीणपणा येतो आणि ती टिकते. हेच पोलाद घासताना पुन्हा तापले तर त्याच्या चकाकत्या भागावर रंग चढतात. प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. निळा रंग आला म्हणजे उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत गेली, आणि त्या ठिकाणचे पाणी उतरले. धार दिसावयास पातळ असते, पण ती आता मऊ झालेली असते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून केलेला उत्तम कोयतादेखील अशा एका मिनिटात बिघडतो. दोष विजेचा नाही आणि दुकानदाराचाही नाही. घाईने व कोरडे घासण्याची ती पद्धतच विळ्या-कोयत्याच्या पातळ धारेसाठी नाही.

बाक कसे असावे?

सावकाश, पाणी वापरून, ठरावीक कोनात आणि दोन्ही हात मोकळे ठेवून धार लावावयाची, तर दगड किंवा चाक मुळीच न हलणाऱ्या बैठकीवर असावयास पाहिजे. म्हणून बाक हवे. ते लाकडाचे असावे, कारण लाकूड हादरे शोषून घेते, गावचा सुतार ते करू शकतो आणि मोडले तर गावातच दुरुस्त होते.

देशावर बाभळीचे लाकूड या कामास उत्तम. ते जड, चिवट आणि सहज मिळणारे आहे. मात्र ओले लाकूड वापरू नये. गाडीच्या कामासाठी बाभूळ पाण्यात मुरवून मग सावलीत वाळविण्याची सुतारांची जुनी रीत येथेही पाळावी. त्यायोगे लाकडास कीड कमी लागते व ते तडकत नाही. जेथे साग मिळतो तेथे सागही चालेल, परंतु त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

बाक ५ फूट लांब, २ फूट रुंद आणि ३२ इंच उंच असावे. वरच्या फळ्या २ इंच जाडीच्या आणि पाय ४ इंच चौरस असावेत. पाय खालच्या बाजूस थोडे फाकलेले ठेवावेत, म्हणजे बाक डुलत नाही. पायांना वर आणि जमिनीपासून ६ इंचांवर अशा दोन ठिकाणी आडव्या पट्ट्या द्याव्यात. या पट्ट्या नुसत्या खिळ्यांनी ठोकू नयेत. पायास भोक पाडून त्यात पट्टीचे कुसू बसवावे आणि लाकडी खुंटी मारावी. चाकाच्या हादऱ्याने खिळे सैल होतात, कुसवाचा जोड मात्र सैल होत नाही. वरच्या फळ्या बोल्टांनी आवळाव्यात आणि बोल्टांची डोकी फळीच्या आत बुडवावीत. खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून तिच्यावर मोठे दगड ठेवावेत. बाकास वजन येण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय होय. घट धरून एका बाकास सुमारे साडेपाच घनफूट लाकूड लागेल. पायांखाली चापट दगड ठेवावेत व पायांच्या टोकांस डांबर लावावे, म्हणजे वाळवीचा व ओलीचा उपद्रव होत नाही.

बाकाच्या एका टोकास, पायाच्या बरोबर वर, ४ इंची शेगडा बसवावा. कानशीने घासण्याचे काम शेगड्याशिवाय नीट होत नाही. मध्यभागी धार लावण्याच्या दगडासाठी लाकडात खाच करावी आणि दगड पाचर मारून घट्ट बसवावा. दगड दोन अंगांचा, एका बाजूस भरड व दुसऱ्या बाजूस बारीक, असा घ्यावा. त्याच्याजवळ पाण्याचे पसरट भांडे असावे. दुसऱ्या टोकास चाक बसवावे. ते हाताने फिरवावयाचे असो, पायटा मारून फिरवावयाचे असो वा विजेचे असो, त्याच्या बैठकीखाली जुन्या टायरचा तुकडा घालून ते बोल्टांनी आरपार आवळावे. लाकडावर ठिणग्या पडतात, म्हणून चाकाच्या खाली व मागे पत्रा मारणे आवश्यक आहे. जवळ भुसा, कडबा किंवा डिझेलचा डबा कधीही ठेवू नये.

३२ इंचांची उंची विचारपूर्वक सुचविलेली आहे. बैठकीच्या चाकाचा आस बाकापासून सुमारे ५ इंच वर येतो, म्हणजे तो मध्यम उंचीच्या स्त्रीच्या कोपराजवळ येतो. पुरुषांच्या सोयीने बाक उंच करून स्त्रियांना टाचा उंचावून काम करावयास लावणे योग्य नव्हे. धारेची गरज सर्वांत अधिक त्यांनाच आहे.

चाक, दगड आणि सावधगिरी

हाताने किंवा पायाने फिरणारे चाक सावकाश फिरते, पोलाद तापत नाही आणि वीज नसली तरी काम अडत नाही. म्हणून प्रथम तेच घ्यावे, हे उत्तम. विजेचे चाक घेतलेच, तर ते ६ इंची बैठकीचे असावे. असे चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २२ मीटरच्या आसपास असतो. या वेगाने फुटलेल्या चाकाचा तुकडा गोळीसारखा येतो. म्हणून पुढील नियम बाकाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

१. चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा अधिक असल्याखेरीज ते बसवू नये.

२. नवे चाक बसविण्यापूर्वी बोटावर अडकवून लाकडी मुठीने हळूच वाजवावे. खणखणीत आवाज आला तर चाक चांगले. भद्द आवाज आला तर ते तडकलेले समजून टाकून द्यावे.

३. अवजार टेकण्याची पट्टी आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फट ठेवू नये. फट वाढली की अवजार आत ओढले जाते.

४. चाक सुरू केल्यावर एक मिनिट बाजूस उभे राहावे, समोर नव्हे. चाकाच्या सपाट बाजूवर कधीही घासू नये.

५. डोळ्यांस चष्मा लावल्याशिवाय चाकास हात लावू नये. पदर, सैल बाही, उपरणे व हातमोजे चाकाजवळ नकोत.

६. विजेच्या जोडणीस अर्थिंग असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी आणि पाण्याचे भांडे विजेच्या बटणापासून दूर ठेवावे.

७. लहान मुलांना बाकाजवळ येऊ देऊ नये.

धार लावण्याची रीत

प्रथम अवजार स्वच्छ करून पाते पाहावे. खाच पडली असेल, पाते वाकले असेल किंवा टोक मोडले असेल, तर ते काम बाकाचे नव्हे, भट्टीचे आहे. ते लोहाराकडे द्यावे. नुसती धार गेली असेल, तर शेगड्यात धरून कानशीने किंवा भरड दगडावर मूळच्या उताराने घासावे. ज्या बाजूस उतार असेल त्याच बाजूस घासावे. दुसरी बाजू सपाट असेल तर ती सपाटच राहू द्यावी. घासता घासता पलीकडच्या बाजूस धातूची बारीक कोर बोटास लागू लागली, म्हणजे भरड काम पुरे झाले असे समजावे. मग बारीक दगडावर पाणी घेऊन दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने ती कोर काढून टाकावी.

कोन राखणे हे या कामातील खरे कौशल्य होय. साधारणपणे विळ्याच्या धारेचा कोन १५ ते २० अंश, कोयता व कुऱ्हाडीचा २५ ते ३० अंश आणि कुदळ-फावड्याचा त्याहून अधिक ठेवावा. गवत कापणारी धार पातळ हवी, माती आणि लाकूड फोडणारी धार जाड हवी. कोनमापक नसला तरी अडत नाही. कागदाचा काटकोनी कोपरा घेऊन त्याच्या सारख्या तीन घड्या केल्या की ३० अंशांचा कोन मिळतो, आणि त्याची पुन्हा निम्मी घडी केली की १५ अंशांचा. त्या मापाच्या दोन लाकडी पाचरी सुताराकडून करून घेऊन दोरीने बाकास बांधून ठेवाव्यात. दगडावर पाचर टेकवून पाते तिच्या उताराशी जुळवले की नवशिक्याचाही कोन चुकत नाही.

चाकावर धरावयाचे अवजार उघड्या बोटांनी धारेजवळ धरावे. बोटांस ऊब लागली की लगेच पाण्यात बुडवावे. बोटांस सोसवते तोवर पोलादाचे पाणी उतरत नाही, एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ अवजारे वाचतील. ‘वैभव’सारखा दातेरी विळा मात्र चाकावर मुळीच धरू नये, त्याचे दाते नाहीसे होतात. काम झाल्यावर पात्यास तेलाचा बोळा फिरवून अवजार टांगून ठेवावे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, सार्वजनिक वस्तूची कोणीच काळजी घेत नाही. बाक चार दिवसांत मोडेल, दगड नाहीसा होईल. हा आक्षेप खोटा नाही. चावडीच्या ओसरीवर बेवारस ठेवलेल्या बाकाचे तसेच होईल. म्हणूनच ते बाक लोहाराच्या पडवीत, त्याच्या नजरेखाली असावे. मालकी गावाची आणि ताबा कारागिराचा, असे ठेवले म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात. ज्या गावी लोहार उरलेला नाही, तेथे सुतार, वेल्डिंग करणारा तरुण किंवा स्त्रियांचा बचत गट यांपैकी कोणी हे काम पत्करावे.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. शेतकरी स्वतःच धार लावू लागला तर लोहाराच्या पोटावर पाय येईल, असे म्हटले जाते. गावाने हा प्रश्न टाळू नये. दगडावर ज्याने त्याने आपली धार लावावी, त्यास मोल नसावे. चाकावरील व शेगड्यावरील कामाचे माफक मोल लोहारास मिळावे. याशिवाय दर घरटी वर्षाची एक ठराविक रक्कम ग्रामसभेत ठरवून त्यास रोख द्यावी. ती बाकाच्या राखणीची व दगड-चाकाच्या देखभालीची मजुरी समजावी, दया नव्हे. बाकावर येणारा माणूस मोडलेले पाते, सैल झालेली मूठ, वाकलेला दांडा बरोबर घेऊन येतो. ते काम लोहारासच मिळते. धार लावण्यास माणसे पडवीत येऊ लागली म्हणजे भाताही पुन्हा पेटतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहार, सुतार आणि हातोडा व हत्यारे करणारे कारागीर यांचा समावेश आहे. तीत अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज अशी तरतूद आहे. शेगडा, कानशी, चाक यांची सोय त्यातून होण्यासारखी आहे. त्यासाठी लागणारे अर्ज भरण्यास कारागिरास साह्य करणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय.

तिसरा आक्षेप असा की, आता बाजारात स्वस्त विळे मिळतात, बोथट झाला की टाकावा आणि नवा घ्यावा. पातळ पत्र्याचे असे विळे घरोघर वळचणीस पडलेले दिसतात. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी ती गत आहे. चांगल्या पोलादाचा, नीट पाणी दिलेला एक विळा वर्षानुवर्षे धार घेत राहतो. तो पहिल्या दिवशी महाग वाटला तरी शेवटी स्वस्त पडतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावोगाव अवजार बँका स्थापन होत आहेत. त्यांत ट्रॅक्टर व यंत्रे ठेवली जातात, हे चांगलेच आहे. परंतु ज्यांच्यापाशी स्वतःची जमीन नाही, ज्यांचे एकमेव अवजार म्हणजे कमरेला खोवलेला विळा, त्या माणसांसाठी या बँकेत काय आहे? धारेचे बाक हा त्याचा एक प्रामाणिक प्रारंभ ठरेल.

कार्यकर्त्याने प्रथम स्वतः धार लावावयास शिकावे. ज्यास खुरप्यास धार लावता येत नाही, त्याच्या तोंडून यंत्राचे व्याख्यान शोभत नाही. मग वर्षातून तीन वेळा बाकावर प्रात्यक्षिक ठेवावे. पहिले मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे खुरपी व कोळपी तयार होतील. दुसरे खंडेनवमीपूर्वी, कारण त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पुढे खरिपाची कापणी व ऊसतोडणी येते. शेंदूर-फुले वाहण्यापूर्वी हत्यारास धार दिली तर पूजा अधिक सार्थ होईल. तिसरे रब्बीच्या काढणीपूर्वी. कापणी ऐन भरात आल्यावर धारेची धावपळ करणे म्हणजे बैल गेला अन् झोपा केला, असे होय.

या प्रात्यक्षिकास पुरुषांबरोबर स्त्रियांना आवर्जून बोलवावे. त्या दिवसभर खुरपे चालवितात, पण त्यास धार लावण्याचे काम घरातील पुरुष केव्हा तरी सवडीने करील, याची वाट पाहत राहतात. दगड त्यांच्या हाती दिला, पाचरीचा कोन दाखविला, तर त्या हे काम चटकन उचलतील. न्याहारीच्या सुट्टीत बाकावर जाऊन पाच मिनिटांत खुरपे पाजवून आलेली बाई उरलेला दिवस कमी कष्टाने काढील. शेतकऱ्यानेही त्या पाच मिनिटांची मजुरी कापू नये. ती पाच मिनिटे त्याच्याच पिकाच्या कामी आलेली असतात.

खर्च थोडा, कौशल्य गावातलेच, लाकूड बांधावरचे आणि लाभ मात्र प्रत्येक घरास होणारा, असे काम सहसा सापडत नाही. ते वरून हुकूम येण्याची वाट पाहत पडून राहू नये. गाव करील ते राव काय करील, अशी म्हण आहे. पुढच्या मृगापूर्वी ज्या गावाच्या लोहाराच्या पडवीत एक भक्कम बाक उभे राहील, त्या गावच्या खुरपणीस निघालेल्या बायांच्या हातात धार लावलेले खुरपे असेल. त्या गावच्या सुधारणेस तेथून आरंभ झाला, असे खुशाल समजावे.